कुंभकार केन्झान

जपानमधील क्योटो हे नगर एक हजाराहून अधिक वर्षे त्या देशाच्या सम्राटांची राजधानी होते. १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी राज्यकारभाराचे ठाणे पूर्वेकडील एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, स्थापन केले. तरीही सम्राटाचा दरबार, जुनी सरदार घराणी, प्राचीन मंदिरे आणि पिढ्यान् पिढ्या एकच कला जोपासणारे कारागीर क्योटोतच राहिले. सत्ता गेली, पण रसिकता राहिली. अशा या नगरात १६६३ मध्ये एका धनाढ्य वस्त्रव्यापाऱ्याच्या घरी ओगाता केन्झान याचा जन्म झाला.

ओगाता घराण्याची पेढी ‘कारिगानेया’ या नावाने प्रसिद्ध होती. राजस्त्रियांची व सरदारस्त्रियांची उंची रेशमी वस्त्रे ही पेढी पुरवीत असे. दुसऱ्या शोगुनाची कन्या आणि सम्राटाची राणी तोफुकुमोनइन ही तिची सर्वांत मोठी आश्रयदाती. केन्झानचा पिता सोकेन हा व्यापारी खरा. परंतु केवळ जमाखर्चाच्या वह्यांत रमणारा तो नव्हता. त्याचे हस्ताक्षर देखणे होते, चित्रकलेचे त्याला अंग होते आणि ‘नो’ या जपानी नाट्यप्रकाराचा तर त्याला मोठाच नाद होता. त्याची आजी ही होनामी कोएत्सु या विख्यात कलावंताची बहीण. कोएत्सुने अक्षरलेखनात कीर्ती मिळविली होती. शिवाय कुंभाराच्या चाकाचे साहाय्य न घेता नुसत्या हातांनी घडविलेले त्याचे चहाचे प्याले आजही अमूल्य मानले जातात. अशा घरात वाढलेल्या मुलांच्या दृष्टीवर अक्षर, चित्र आणि नक्षी या तिन्हींचे संस्कार झाले नसते तरच नवल.

सोकेनच्या मुलांपैकी दोघांची नावे पुढे अजरामर झाली. एक कोरिन, १६५८ मध्ये जन्मलेला. आणि दुसरा त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटा केन्झान. एकाच घरात, एकाच वातावरणात वाढलेले हे दोघे भाऊ. पण त्यांच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. कोरिन हौशी, खर्चिक, मित्रमंडळींत रमणारा आणि उद्याची चिंता न करणारा. केन्झान एकांतप्रिय, ग्रंथांत डोके घालून बसणारा आणि पैसा जपून वापरणारा. १६७८ मध्ये तोफुकुमोनइन निवर्तली आणि पेढीचा मोठा आधार तुटला. सरदारांना दिलेली कर्जेही बुडत चालली. १६८७ मध्ये सोकेन मरण पावला, त्या वेळी घराण्याचे वैभव उतरणीला लागले होते. तरी घरे, ग्रंथसंग्रह आणि पिढीजात मौल्यवान वस्तू मिळून मुलांच्या वाट्याला आलेले धन थोडेथोडके नव्हते.

कोरिनने आपला वाटा थोड्याच वर्षांत उधळून टाकला. पुढे पैशाची अडचण पडली की तो धाकट्या भावापुढे हात पसरी, आणि धाकटा भाऊ त्याला विन्मुख पाठवीत नसे.

केन्झानची वाट निराळी होती. पित्याच्या मृत्यूच्या वर्षीच त्याने आपले नाव बदलून ‘शिनसेई’ असे ठेवले. खोल आत्मपरीक्षण, असा त्या नावाचा अर्थ. (‘केन्झान’ हे नाव त्याला अद्याप मिळावयाचे होते, ते कसे मिळाले हे पुढे येईलच.) १६८९ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्याने शहराच्या वायव्येस ओमुरो या भागात निन्ना-जी या प्राचीन मंदिराजवळ एक घर बांधले आणि तेथे तो राहू लागला. चिनी काव्याचे वाचन, चहाचा विधी आणि झेन पंथाच्या एका भिक्षूजवळ ध्यानाचा अभ्यास असा त्याचा दिनक्रम होता. व्यापाऱ्याच्या तरुण मुलाने ऐन उमेदीत संसाराकडे पाठ फिरवून असे बसावे हे अनेकांना विचित्र वाटले असेल. परंतु त्या एकांतानेच त्याला त्याच्या आयुष्याच्या कामापर्यंत नेले.

निन्ना-जीच्या पुढेच त्या काळच्या सर्वश्रेष्ठ कुंभाराची भट्टी होती. नोनोमुरा निन्सेई हे त्या कुंभाराचे नाव. मंदिराच्या नावातील ‘निन्’ आणि स्वतःच्या सेइएमोन या नावातील ‘सेई’ ही अक्षरे जोडून ते तयार झाले होते. निन्सेईचे मोठेपण नीट समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. दक्षिणेकडील क्युशू बेटावर आरिता येथे सतराव्या शतकाच्या आरंभी पांढरीशुभ्र चिनी माती सापडली आणि तिच्यापासून पातळ, कठीण भांडी होऊ लागली. पुढे तेथील कारागिरांनी त्या भांड्यांवर लाल, हिरवे, पिवळे व निळे चकचकीत रंग चढविण्याची विद्या हस्तगत केली. क्योटोजवळची माती अशी शुभ्र नव्हती. ती पिवळसर व जराशी भरड. त्या मातीच्या भांड्यांवर हे रंग बसविणे अवघड होते. ते निन्सेईने साधले. चहाची पाने साठविण्याच्या त्याच्या रांजणांवर फुललेल्या वृक्षांची व डोंगरांची अशी चित्रे आहेत की, पाहणाऱ्याला रेशमी पडद्याचा भास व्हावा.

रंगीत झिलईचे हे ज्ञान कारागिरांच्या घराण्यांत कडक गुपित म्हणून राखले जाई. कोणती माती किती, कोणती राख किती, शिसे किती आणि विस्तव किती वेळ, ही प्रमाणे पित्याने पुत्राला सांगावयाची; आणि पुत्र नसेल तर बहुधा ती पित्याबरोबरच नाहीशी व्हावयाची. निन्सेईच्या मागे त्याची भट्टी चालविणाऱ्या वारसाकडे पित्याचा हात नव्हता. पण पित्याची प्रमाणे त्याच्यापाशी होती.

१६९४ मध्ये निजो त्सुनाहिरा या थोर सरदाराने केन्झानला ओमुरोच्या पलीकडे नारुताकि येथील डोंगराळ भागात जागा दिली. पाच वर्षांनी, १६९९ मध्ये, केन्झानने तेथे भट्टी घालण्याची परवानगी मिळविली. त्याच वर्षी निन्सेईच्या वारसाकडून त्या घराण्याची कृती लिहिलेली वही त्याच्या हाती आली. निन्सेईच्या घराण्यातील एक कुशल कुंभार आणि मंद आचेवर भाजावयाच्या शिशाच्या झिलईत पारंगत असलेला मागोबेई नावाचा दुसरा कारागीर असे दोघे साहाय्यक त्याला मिळाले. नारुताकि हे स्थान राजधानीच्या वायव्येस. वायव्य दिशा दर्शविणाऱ्या चिनी चिन्हाचे नाव ‘केन्’ आणि डोंगराचे नाव ‘झान’. यावरून भट्टीला ‘केन्झान’ हे नाव पडले आणि तेथील भांड्यांच्या तळावर ते लिहिले जाऊ लागले. म्हणजे मुळात ते माणसाचे नव्हे, भट्टीचे नाव. पुढे लोकांनी भट्टीचे नाव मालकाला दिले आणि शिनसेई हे नाव मागे पडले.

छत्तीस वर्षांचा, सुखवस्तू घरात वाढलेला, ग्रंथ वाचणारा मनुष्य चिखलाच्या धंद्यात उतरला. त्याला कुंभार तरी कसे म्हणावे, असा प्रश्न पुढील काळात काहींनी विचारला आहे. कारण चाकावर बसून दिवसाला शेकडो वाडगे उतरविणारा कारागीर तो नव्हता. ते काम बहुतांशी त्याचे साहाय्यक करीत. या प्रश्नाचे उत्तर त्याने घडविलेल्या भांड्यांतच सापडते. घाटाची सफाई हे त्यांचे वैशिष्ट्य नव्हे. ज्यात अन्न वाढावयाचे त्या ताटलीचा पृष्ठभाग हे एक कोरे पान आहे आणि त्यावर चित्र, काव्य व अक्षर ही तिन्ही एकत्र नांदू शकतात, ही कल्पना केन्झानची. आणि ती त्याच्यापूर्वी जपानमध्ये कोणत्याही कुंभाराने इतक्या पूर्णतेने अमलात आणली नव्हती.

त्याची चौकोनी ताटली या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. चाकावर फिरणाऱ्या मातीला चौकोन होता येत नाही. म्हणून मातीची जाड पोळी लाटून तिचा चौरस कापीत आणि तिच्या चारही बाजूंना उभी, बुटकी भिंत जोडीत. सुकल्यावर ही ताटली एकदा हलकी भाजून घेत. मातीचा रंग मळकट. त्यावर चित्र उठून दिसावयाचे नाही. म्हणून पांढऱ्या मातीचा पातळ लेप देऊन ते अंग कागदासारखे शुभ्र करून घेत. मग लोहयुक्त काळ्या-तपकिरी रंगात कुंचला बुडवून चित्र काढावयाचे, वर पारदर्शक झिलईचा हात द्यावयाचा आणि ताटली पुन्हा भट्टीत घालावयाची. भट्टीतून बाहेर येताना ती शाईने रंगविलेल्या चित्रासारखी दिसे. फरक इतकाच की, हे चित्र पाण्याने धुतले तरी पुसले जात नसे.

सांगावयास हे सोपे आहे. करणाऱ्याची मात्र कसोटी लागे. भाजलेली कोरडी माती कुंचल्यातील ओल क्षणात शोषून घेते. कागदावर रेंगाळता येते, रेशमावर छटा सावकाश पसरविता येते. येथे ओढलेली रेघ तेथल्या तेथे कायम होते. हात थबकला की तेवढ्या जागी काळा ठिपका उमटलाच. आणि सर्व नीट साधले तरी शेवटचा शब्द अग्नीचा असतो. भट्टीचे दार बंद झाल्यावर आत झिलई वितळते की नुसती भाजून खरखरीत राहते, ताटली सरळ राहते की वाकडी होते, हे दार उघडेपर्यंत कोणालाच कळत नाही. त्यातून चौकोनी ताटलीचे कोपरे वाकण्याची भीती गोल वाडग्यापेक्षा कितीतरी अधिक.

रंगीत भांड्यांची रीत याहून निराळी होती. काचेची पूड आणि शिसे यांत रंगद्रव्ये मिसळून ती तयार झिलईच्या वर लावीत आणि भांडे तिसऱ्यांदा भट्टीत घालीत. ही आच मंद ठेवावी लागे. मुख्य भट्टीत १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. या रंगांना सुमारे ८०० अंश पुरेत, आणि आच वाढली तर ते करपून जात. केन्झानने येथेही आपले डोके चालविले. पांढऱ्या मातीच्या लेपात रंगद्रव्ये कालवून, झिलईच्या खाली अनेक रंगांचे काम करण्याची रीत त्याने बसविली. त्यामुळे रंगांना चकचकीतपणाऐवजी एक मऊ, शांत भाव आला. पांढऱ्या रंगाचे तर त्याला विशेष प्रेम होते. इतर कुंभार पांढऱ्याचा उपयोग केवळ पार्श्वभूमीसाठी करीत. केन्झान पांढऱ्या रंगानेच बर्फ, लाटा आणि फुले काढी.

१७०२ मध्ये त्याने बारा चौकोनी ताटल्यांचा एक संच पुरा केला. फुजिवारा तेइका या तेराव्या शतकातील राजकवीने बारा महिन्यांच्या फुलांवर व पक्ष्यांवर कविता रचल्या होत्या. प्रत्येक ताटलीच्या दर्शनी बाजूस त्या त्या महिन्याचे फूल व पक्षी आणि पाठीमागे ती कविता, अशी या संचाची रचना आहे. ताटली उलटल्यावाचून कविता दिसत नाही. जेवण आटोपल्यावर कुतूहलाने ताटली हाती घेणाऱ्या पाहुण्यासाठीच जणू ती लिहून ठेवलेली आहे.

येथे जपानी भोजनाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, एरवी या भांड्यांचे मर्म कळणार नाही. चहाच्या विधीपूर्वी जे भोजन देतात, त्यात सर्वांचे पदार्थ एकाच मोठ्या ताटात वाढण्याची चाल नाही. प्रत्येक पाहुण्यापुढे एक लहान चौकी येते. तिच्यावर भाताचा व रश्श्याचा असे दोन वाडगे अलीकडे आणि कच्च्या माशाचा किंवा भाजीचा थोडासा पदार्थ असलेली एक ताटली पलीकडे ठेवलेली असते. पलीकडे ठेवावयाची म्हणून तिला ‘मुकोझुके’ म्हणतात. पदार्थ अगदी थोडा असतो. तो संपत जातो तसतसे ताटलीवरील चित्र हळूहळू उघडे होते. केन्झानने आपले उत्तम कौशल्य या लहानशा ताटल्यांवर खर्च केले. तात्सुता नदीवरील शरद ऋतूची शोभा जपानी काव्यात प्रसिद्ध आहे. तिची कल्पना घेऊन त्याने केलेल्या ताटल्यांची कडाच लाल-पिवळ्या मेपल पानांच्या व वाहत्या पाण्याच्या आकाराने कापलेली आहे. चित्रासाठी ताटली नव्हे, तर चित्र हीच ताटली, असा तो प्रकार आहे.

या कामात त्याला मोठा साथीदार मिळाला तो घरातच. सर्वस्व उधळून बसलेला कोरिन पोटासाठी चित्रे काढू लागला आणि त्यातूनच जपानचा एक महान चित्रकार उदयास आला. १७०१ मध्ये त्याला दरबाराकडून ‘होक्क्यो’ ही सन्मानाची पदवी मिळाली. केन्झानच्या चौकोनी ताटल्यांवर कोरिनने चित्रे काढली आणि केन्झानने त्यांवर आपल्या जोरकस हस्ताक्षरात काव्य लिहिले. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांपैकी एक ताटली आहे. सोंग काळातील चिनी कवी हुआंग तिंगच्येन पाण्यावरील समुद्रपक्ष्यांकडे पाहत उभा आहे, एवढेच तिच्यावरील चित्र. मोजक्या रेषांत कवीचा झगा, त्याची मान आणि त्याची तंद्री उभी राहिली आहे. कुंचला कोठेही थबकलेला नाही. दर्शनी बाजूस कोरिनची सही आहे, मागील बाजू केन्झानच्या अक्षरांनी भरली आहे. पैशाच्या व्यवहारात ज्या भावांचे जमणे कठीण, ते दोघे वीतभर मातीच्या तुकड्यावर असे एकजीव झाले. कलेच्या इतिहासात अशी जोडी विरळाच!

नारुताकिची भट्टी तेरा वर्षे चालली. डोंगरातील ते स्थान रम्य होते, पण व्यापाराच्या दृष्टीने गैरसोयीचे. जपून वापरलेले पैसेही कधीतरी संपतातच. १७१२ मध्ये केन्झानने नारुताकि सोडले आणि तो क्योटोच्या भरवस्तीत राहावयास आला. आता त्याची स्वतःची भट्टी नव्हती. आपली भांडी तो इतरांच्या भट्ट्यांत भाजून घेई. आतापर्यंत हौसेने केलेले काम पोटाचा उद्योग झाला. पाच-पाच, दहा-दहा ताटल्यांचे संच गिऱ्हाइकांसाठी तयार होऊ लागले आणि साहाय्यकांच्या हातून निघालेल्या भांड्यांवरही ‘केन्झान’ हे नाव लिहिले जाऊ लागले. या काळातील सर्वच काम पहिल्या प्रतीचे आहे असे म्हणता येत नाही. परंतु त्याचा नवेपणा मात्र याच काळात अधिक दिसून येतो. कागद कापून त्याचे आकार भांड्यावर ठेवावयाचे, भोवती रंग द्यावयाचा आणि मग कागद उचलून घ्यावयाचा, म्हणजे मूळ जागा कोरी राहते; अशा युक्तीने तो फुलांच्या व लाटांच्या ठसठशीत आकृती काढी. वस्त्रव्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मनुष्याला ही युक्ती सुचावी यात आश्चर्य नाही.

त्याने केलेले झाकणाचे डबे तर विशेष मनोहर आहेत. एका डब्यावर पांढऱ्या, निळ्या आणि सोनेरी रेघांनी गवताचे नुसते रान माजविले आहे. पाती एकमेकांना छेदीत झाकणावरून कडेपर्यंत धावत जातात. कोठे सुरुवात, कोठे शेवट, ते कळत नाही. त्या काळी जपानचे दरवाजे परदेशीयांना जवळजवळ बंद होते. युरोपियनांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना नागासाकी बंदरात येण्याची मोकळीक होती. त्यांच्याबरोबर नेदरलँड्समधील डेल्फ्टची भांडी जपानात येत. केन्झानने तीही बारकाईने पाहिली आणि तशी नक्षी आपल्या भांड्यांवर उतरविली. चीन, कोरिया, थेट हॉलंड असा दूरदूरचा माल पाहावा, त्यातील हवे ते घ्यावे आणि त्याला क्योटोचा साज चढवावा, ही त्याची वृत्ती. एकांतप्रिय मनुष्य संकुचित असतोच असे नाही.

१७१६ मध्ये कोरिन मरण पावला. ‘केन्झान’ नावाचा उद्योग पुढेही चालू राहिला. तथापि त्या दोघांच्या जोडकामाचा काळ संपला.

१७३१ च्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, केन्झानने क्योटो कायमचे सोडले. सम्राटाच्या कुळातील कोकान हा राजपुत्र एदो येथील उएनोच्या मोठ्या मंदिराचा मुख्य होता. त्याच्याशी केन्झानचा स्नेह होता. त्याच्या आश्रयाने केन्झान एदोस गेला आणि मंदिराजवळच्या इरिया या वस्तीत राहू लागला. क्योटोतील काम त्याचा दत्तक पुत्र इहाची याच्याकडे राहिले. हा इहाची मूळचा निन्सेईच्याच घराण्यातला. इरियात केन्झानने पुन्हा माती हातात घेतली. पण आता मोठ्या भट्ट्यांचा खटाटोप नव्हता. मंद आचेवर भाजावयाची लहान भांडी तो करी आणि फावल्या वेळी चित्रे काढी.

१७३७ हे त्याच्या उत्तरायुष्यातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी त्याने कुंभकामावर एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘तोको हित्सुयो’, म्हणजे कुंभाराला जरूर ते. त्याच वर्षी तो एदोच्या उत्तरेस सानो या गावी गेला आणि तेथील रसिक मित्रांसाठी त्याने ‘तोजी सेइहो’ हे आणखी एक पुस्तक लिहिले. पहिल्या पुस्तकात निन्सेईकडून मिळालेल्या कृती आहेत, मागोबेईने शिकविलेल्या आहेत आणि केन्झानने चाळीस वर्षे प्रयोग करून स्वतः शोधलेल्याही आहेत. कोणती कृती कोणाची हे त्याने प्रामाणिकपणे वेगळे दाखविले आहे. मातीचे मिश्रण, झिलईची प्रमाणे, लाल रंग कसा सिद्ध करावा, पांढरा कसा करावा, सगळे खुले करून सांगितले आहे. ज्या ज्ञानावर एका घराण्याची तीन पिढ्या रोजी-रोटी चालावी, ते ज्ञान या वृद्धाने सुवाच्य अक्षरांत कागदावर उतरवून दुसऱ्यांच्या हाती दिले. कुंभाराच्या जातिवंत घराण्यात जन्मलेल्या मनुष्याला हे साधले असते की नाही कोण जाणे. केन्झानला ते साधले, कारण तो ग्रंथ वाचणारा होता. कळलेली गोष्ट लिहून ठेवावयाची असते, ही त्याच्या लेखी सहज गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी राजपुत्र कोकान निवर्तला. केन्झानचा शेवटचा मोठा आधार गेला. तरी त्याचा कुंचला थांबला नाही. फुलांच्या टोपल्यांचे आणि पाणथळ जागेतील आयरिस फुलांचे त्याचे चित्र याच काळातले. काही चित्रांवर सहीबरोबर त्याने आपले एक्याऐंशी हे वयही लिहिले आहे. १७४३ मध्ये, सहाव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, अखेरची एक कविता लिहून तो इरियातील घरी मरण पावला. जपानी गणनेप्रमाणे त्याचे वय एक्याऐंशी वर्षांचे होते. जवळ कोणी आप्त नव्हते, गाठीला पैसा नव्हता. मंदिराच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या थोड्या रकमेतून त्याचे अंत्यविधी उरकण्यात आले. राजस्त्रियांना वस्त्रे पुरविणाऱ्या पेढीचा हा पुत्र!

काही काळाने त्याची कबर कोठे आहे हेही लोक विसरले. कोरिनच्या चित्रांवर मोहित झालेला एदोचा चित्रकार साकाई होइत्सु याने ती शोधून काढली आणि १८२३ मध्ये केन्झानच्या चित्रांचा एक संग्रह छापून प्रसिद्ध केला. ‘केन्झान’ हे नाव मात्र मधल्या काळातही जिवंत होते. एकामागून एक कुंभार ते धारण करीत आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टोकियोत सहावा केन्झान म्हणून ओळखला जाणारा एक वृद्ध कुंभार होता. बर्नार्ड लीच नावाचा तरुण इंग्रज त्याच्याकडे काम शिकला आणि जपानी मित्र तोमिमोतो केन्किचि याच्यासह सातवा केन्झान म्हणून या परंपरेचा अधिकारपत्रधारक वारस ठरला. १९२० मध्ये लीचने इंग्लंडच्या सेंट आइव्ह्स या गावी जपानी पद्धतीची भट्टी घातली आणि १९६६ मध्ये केन्झानच्या परंपरेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले.

परंतु नाव जितके मोठे तितकी त्याची नक्कल सोपी. केन्झानच्या सहीची भांडी त्याच्या हयातीतच अनेक हातांनी होत होती. त्याच्या मागे तर त्यांना सुमारच राहिला नाही. १९६२ मध्ये सानोच्या मुक्कामात त्याने केलेली म्हणून बरीच भांडी व टिपणे एकाएकी पुढे आली आणि जपानमध्ये मोठा वाद माजला. लीचसारखे जाणकार ती खरी मानीत होते, तर दुसरे तितकेच जाणकार ती बनावट म्हणत होते. सही, अक्षर, झिलई, सर्व काही तपासूनही दोन्ही पक्षांचे एकमत झाले नाही.

२००० सालापासून नारुताकि येथे, जुन्या भट्टीच्या जागी आता उभ्या असलेल्या मंदिराच्या आवारात, पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर उत्खनन केले. त्यांना सापडली ती अखंड भांडी नव्हेत, तर खापरे. वाकडी झालेली, करपलेली, तडकलेली, झिलई नीट न वितळलेली अशी ही खापरे केन्झानने किंवा त्याच्या साहाय्यकांनी निरुपयोगी म्हणून भट्टीबाहेर फेकून दिली होती. त्यांवरील पांढरा लेप, काळ्या-तपकिरी रेषा आणि रंगांचे अंश आता त्याच्या पुस्तकांतील कृतींशी ताडून पाहता येतात. आणि एखाद्या संग्रहातील ताटली खरी की खोटी असा प्रश्न आला की जाणकार प्रथम या फुटक्या तुकड्यांकडे वळतात.